वाटाण्याचा वेल आणि दादासाहेब फाळके

धुंडिराज हे गणपतीचेच एक नाव. काशीत विश्वनाथाच्या वाटेवर धुंडिराज गणपतीचे देऊळ आहे. त्र्यंबकेश्वरच्या दाजीशास्त्री फाळके यांना ३० एप्रिल १८७० रोजी मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी हेच ठेवले. पुढे हे धुंडिराज गोविंद फाळके सगळ्यांचे दादासाहेब झाले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायला एवढे निमित्तही पुरे, पण मला दुसरेही एक कारण आहे. गेली काही वर्षे आपल्या मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात मुले मोबाइलवर केलेल्या दोन-तीन मिनिटांच्या फिल्मा दाखवू लागली आहेत. त्या पाहताना पालक कौतुक करतात आणि लगेच, आता अभ्यासाकडे बघा, असेही सांगतात. ते ऐकले की मला दरवेळी फाळक्यांचा वाटाण्याचा वेल आठवतो.

‘राजा हरिश्चंद्र’ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, पहिला देविका राणींना मिळाला, हेही प्रश्नमंजूषेत येऊन गेले आहे. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ साली आला, तोही बहुतेकांनी पाहिला असेल. मला लिहायचे आहे ते फाळक्यांच्या जरा कमी बोलल्या जाणाऱ्या बाजूबद्दल. हा माणूस मुळात घरात बसून खटपट करणारा, हौसेने प्रयोग करणारा होता. त्यांचे उत्तम काम घरच्या माणसांना हाताशी धरून, घराच्या आवारातच झाले.

मी रेल्वेत नोकरी केली, तांबरमला घर केले आणि तरुणपणी मूर मार्केटमधून एक जुना सुपर-८ कॅमेरा घेतला. पन्नास फुटांची रीळ घातली की तीन मिनिटे वीस सेकंद चित्रीकरण होई. रीळ धुवायला बाहेरगावी पाठवायची आणि ती परत येईपर्यंत आपण नेमके काय टिपले याचा अंदाज करत बसायचे. त्यामुळे फाळक्यांची चरित्रे वाचताना त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या कामाच्या तपशिलांतच माझे लक्ष अधिक अडकले.

शास्त्र्यांचा मुलगा म्हणजे भिक्षुकी किंवा संस्कृतची शिक्षकी. धुंडिराजांना हात चालवायचे होते. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ साली मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई, ठसे बनवणे असे जे जे शिकता आले ते ते त्यांनी शिकून घेतले. मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. फोटो काढला की आयुष्य घटते अशी समजूत तेव्हा लोकांत होती, त्यामुळे तो धंदा काही जोरात चालला नाही. त्यात प्लेग आला आणि पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. १९०२ साली दुसरे लग्न झाले. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या हकिकतीत त्या सर्वत्र आहेत.

फाळक्यांनी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकली, पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार-नक्शाकार म्हणून नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो मुंबईला आणला, रंगीत छपाईसाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन यंत्रे आणली. छापखान्याचे नाव झाले आणि मग भागीदारांशी बिनसले. फाळके नेसत्या वस्त्रानिशी म्हणावे तसे बाहेर पडले. तेव्हा वय चाळीशीचे. आपल्यातल्या पुष्कळांना या वयात घराच्या कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या प्रवेशाची चिंता असते. फाळक्यांना हप्ते नव्हते, कारण त्यांना कर्ज द्यायलाच कोणी तयार नव्हते.

१९१०-११च्या सुमारास गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरची हलती चित्रे पाहिली. दुसऱ्यांदा सरस्वतीबाईंनाही नेले. कृष्णाचे, रामाचे असे चित्र का होऊ नये, हा विचार तेथे डोक्यात शिरला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे सहा महिने. फाळक्यांनी स्वस्तातले खेळण्यासारखे एक यंत्र आणि काही रिळे मिळवली आणि मेणबत्ती, भिंग लावून घरात चित्रे भिंतीवर पाडायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी चार-पाच तास थिएटरात, उरलेला वेळ घरातल्या यंत्राशी. झोप तीन तासांची. घरातले सामान एकेक करून विकले गेले. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही दिवस जवळजवळ दिसेनासे झाले. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. बरे वाटताच हा गृहस्थ पुन्हा थिएटरात जाऊन बसला! नाद म्हणतात तो हा.

फाळके या वाटेवरचे पहिलेच प्रवासी नव्हते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी फिल्मवर घेतले. सावेदादा फोटोग्राफीचा व्यवसाय करत, पण चलच्चित्रांचे हे काम हौसेचे, पदरमोडीचे. भारतीय माणसाच्या हातून झालेल्या पहिल्या फिल्मा हौशी माणसाच्या आहेत, ही गोष्ट आपण मराठी लोकांनी अधूनमधून आठवावी असे मला वाटते.

आपल्या मद्रासकडेही असेच घडले. तिरुचिरापल्लीला साउथ इंडियन रेल्वेत नक्शे काढणारे स्वामीकन्नू व्हिन्सेंट म्हणून एक कर्मचारी होते. तेथे आलेला एक फ्रेंच गृहस्थ १९०५ साली आपला खेळ आवरून परत निघाला होता. व्हिन्सेंटांनी त्याचे सगळे सामान विकत घेतले, रेल्वेची नोकरी सोडली आणि तंबू घेऊन गावोगाव हिंडू लागले. रेल्वेवाला म्हणून मला या माणसाचे विशेष प्रेम आहे. नोकरी सोडण्याचे धाडस मात्र आमच्याच्याने झाले नाही.

फाळक्यांकडे परत येऊ. चित्रे काढायची तर कॅमेरा हवा आणि तो चालवायला शिकायला हवे. त्यासाठी विलायत गाठणे भाग होते. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे त्यांची ओळख ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकापुरतीच होती, कारण त्याचे ते मुंबईत वाचक होते. ते सरळ त्याच्या कचेरीत गेले. संपादक कॅबर्न यांनी आधी, या धंद्यात पडू नका, असा सल्ला दिला आणि मग याची जिद्द पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थांनी आपला स्टुडिओ मोकळा करून दाखवला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिलला परत आले. अवघे दोन महिने, जाण्यायेण्याचा बोटीचा प्रवास धरून! आजच्या भाषेत याला क्रॅश कोर्स म्हणायला हरकत नाही.

बिऱ्हाड चर्नी रोडवरून दादरला हलवले होते. यंत्रे आली आणि फाळक्यांनी नकाशा पाहून चार दिवसांत ती जुळवली. आधी आजूबाजूच्या पोरांवर हात बसवला. पण पैसे लावणारा मिळवायचा तर काहीतरी वेगळे दाखवायला हवे. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला. अंकुर फुटल्यापासून वेल चढेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ ते रोज थोडीथोडी फिल्म घेत राहिले. ती धुऊन पडद्यावर दाखवली, तेव्हा मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसला. हीच ती ‘अंकुराची वाढ’.

रोज एकच चौकट घेतली असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. मी हिशेब करून पाहिला. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चौकटी धावत. एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. रोज एक घेतली असती तर महिन्याचे काम दोन सेकंदांत संपले असते. म्हणजे दिवसाला तीसेक चौकटी तरी हव्यात. आता हे काम डोळ्यांपुढे आणा. कॅमेऱ्याला मोटर नाही, हँडल हाताने फिरवायचे. कुंडी तसूभर हलता कामा नये. घरात लहान मुले. उन्हाचा कवडसा सरकला की उजेड बदलणार. चुकले की नाही हे महिन्याने, फिल्म धुतल्यावर कळणार, आणि चुकले असेल तर पुन्हा वाटाणा पेरण्यापासून सुरुवात. विम्याच्या पैशावर जगणाऱ्या माणसाने ही जोखीम घेतली. पौराणिक कथा नाही, नट नाहीत, पोशाख नाहीत. फक्त एक वेल आणि काळाला हवे तसे आवळता येते ही कल्पना.

योगायोगाने लंडनमध्येही असाच एक हौशी होता. फ्रँक पर्सी स्मिथ हा शिक्षण खात्यातला कारकून. त्याने फुले उमलतानाची चित्रे घेतली, ती १९१० साली लोकांपुढे आली. नोकरी सांभाळून घरात प्रयोग करणारे लोक सगळीकडेच असतात.

फाळक्यांचा वेल पाहून पैसा उभा राहिला. मित्र नाडकर्णी यांनी सावकाराशी गाठ घालून दिली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. तो चित्रपट म्हणजे एका कुटुंबाने घरातच चालवलेला कारखाना होता. रोहिदास झाला तो मुलगा भालचंद्र. तारामतीचे काम करायला एकही बाई तयार होईना, म्हणून उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या तरुणाला मिशा उतरवायला लावल्या. आणि सरस्वतीबाई? कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. चित्रीकरण चालू असताना ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहायचे तेही त्यांनीच. रात्री मुले झोपली की फिल्मला भोके पाडायची, धुवायची, जोडायची. घरातले दागिने आधीच गेलेले.

भोके पाडण्याचे काम किती मोठे असते ते सांगतो. कच्ची फिल्म तेव्हा कोरी येई, दोन्ही कडांना भोके आपणच पाडायची. एका चौकटीला प्रत्येक बाजूला चार, म्हणजे फुटाला दोन्ही बाजू मिळून १२८ भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. तेवढ्याच लांबीचा हिशेब केला तरी पावणेपाच लाखांच्या घरात जातो, आणि हे सगळे अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. यंत्र होते, पण ते चालवायला माणूस लागतो, आणि तो माणूस दिवसभर चुलीपुढे उभा असलेला. मी माझ्या पत्नीला हा हिशेब सांगितला तेव्हा तिने एवढेच विचारले की श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते का. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ म्हणून आता सरस्वतीबाईंचा उल्लेख होऊ लागला आहे. उशीर झाला आहे खरा.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपियात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. पुढचे यश सर्वश्रुत आहे. फाळक्यांनी नाशिकला बस्तान हलवले. दुसऱ्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामे केली आणि बायकांची कामे बायकांनी करायला सुरुवात झाली.

या मोठ्या चित्रपटांबरोबर फाळके छोट्या फिल्मा जोडत असत आणि माझ्या मते खरे फाळके तेथे दिसतात. पहिले महायुद्ध सुरू झाले, पैसा आटला, कच्ची फिल्म मिळेना. त्या दिवसांत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यापेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात, आकृत्या बनतात, मोडतात. काडी जरा सरकवायची, चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ साली काड्यांचा असाच खेळ केला होता. भारतात चलच्चित्रकलेचा आरंभ या काड्यांपासून मानतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये हाच प्रयोग नाण्यांवर केला. खिशात नाणी नसताना पडद्यावर ती नाचवणारा माणूस! ‘प्रोफेसर केळफा’ नावाच्या फिल्मेत त्यांनी स्वतःच जादूचे प्रयोग केले. ‘केळफा’ उलटे वाचून पाहा. याशिवाय तळेगावचा काच कारखाना, वेरूळची लेणी, नाशिकचा सिंहस्थ असेही विषय त्यांनी टिपले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, समोर होते म्हणून.

१९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. मद्रासला या चित्रपटाचे उत्पन्न बैलगाडीत भरून पोलिसांच्या बंदोबस्तात न्यावे लागले असे सांगतात. मद्रासचे नटराज मुदलियार मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे. फाळक्यांची चित्रे पाहून त्यांना वेड लागले. ते पुण्याला जाऊन एका इंग्रज कॅमेरामनकडून काम शिकले आणि पुरसवाक्कमला मिलर्स रोडवर छोटा स्टुडिओ काढून १९१८च्या सुमारास त्यांनी ‘कीचकवधम्’ पुरा केला. दक्षिणेतला हा पहिला कथापट. एग्मोरला उतरून पुरसवाक्कमला खरेदीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या रस्त्यावरून जाताना हे आठवावे.

यशानंतर मोठा पैसा आला आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदार, हिशेबनीस, वेळापत्रके सुरू झाली. पहिली दोन चित्रे, ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’, उत्तम झाली. दोन्हींत बाळकृष्ण फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पण ज्याला कुंडीसमोर महिनाभर बसता येते त्याला खर्चाच्या मर्यादेत बसवता येत नाही. भागीदारांची बाजूही मला समजते. त्यांनी रक्कम घातली होती आणि दादासाहेबांना हिशेब विचारलेला खपत नसे. छापखान्यात जे झाले तेच पुन्हा झाले. फाळके राजीनामा देऊन सहकुटुंब काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, ते रंगमंचावर फारसे चालले नाही. १९२२च्या सुमारास ते कंपनीत परत आले, पण आता पगारी माणूस म्हणून. चित्रपट पुष्कळ केले, त्यांत घरातली ती मौज उरली नाही असे मला वाटते. काळही पुढे गेला होता. बाबूराव पेंटरांसारखे कलावंत कोल्हापुरात नवे काही करत होते आणि १९३१ साली चित्रे बोलू लागली. ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. तेव्हा वय सदुसष्ट.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे ओढाताणीची गेली.

त्यांच्या शंभराच्या घरातल्या चित्रांपैकी फारच थोडी उरली आहेत. ती उरली यात मोठा वाटा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांचा. तिरुवनंतपुरमच्या या माणसाने फाळके कुटुंबीयांकडे जाऊन जे मिळेल ते गोळा केले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांबद्दल, ती मूळची की १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, असा जाणकारांत वाद आहे. ‘कालियामर्दन’ बराचसा शाबूत आहे. त्याच्या सुरुवातीला मंदाकिनी आपल्यासारख्या साध्या मुलीच्या वेशात कॅमेऱ्यासमोर राग, हसू, रडू असे भाव एकामागून एक करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. मुलांना एकदा तेवढा भाग दाखवाच, त्यांना ते सहज समजेल.

‘आगकाड्यांची मौज’ राहिलेली नाही, वाटाण्याचा वेलही नाही. पण ‘चित्रपट कसे तयार करतात’ या छोट्या फिल्मेचा तुकडा वाचला आहे. त्यात नाशिकच्या आवारात फाळके नटांना शिकवताना दिसतात आणि नंतर फिल्मची पट्टी हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, एकेक चौकट तपासताना दिसतात.